फेब्रुवारीत दिसतात, सप्टेंबरात शिरतात: प्रेअरीकाठच्या घरातले किडे आणि उंदीर

फेब्रुवारीतली एक दुपार. अंगणात बर्फ, वर लख्ख ऊन. वरच्या मजल्यावरच्या दक्षिणेकडच्या खोलीत गेलो तर खिडकीच्या काचेवर वीस-पंचवीस काळे-तांबडे किडे चालत होते, पडद्याच्या चुणीत ढालकिड्यांचा पुंजका होता आणि दोन-तीन जाड, सुस्त माश्या काचेवर आपटत होत्या. आई त्या हिवाळ्यात आमच्याकडे आली होती. तिनं चष्मा सावरून एक किडा नीट पाहिला आणि म्हणाली, "हे तर आपल्या पऱ्हाटीवरचे लाल ढेकूण रे. पण एवढ्या थंडीत आले कुठून?"

मी तेव्हा स्प्रेचा डबा शोधत होतो. तिच्या प्रश्नाकडे लक्ष द्यायला मला पुढची दोन वर्षं लागली. ते त्या दिवशी आलेच नव्हते. सप्टेंबर-ऑक्टोबरातच भिंतीत शिरून बसले होते. उन्हानं भिंत तापली, त्यांना वसंत आल्यासारखं वाटलं, ते उजेडाकडे निघाले आणि वाट चुकून बाहेरऐवजी आमच्या खोलीत उतरले. आपण फवारा मारतो फेब्रुवारीत, आणि दार उघडं राहिलेलं असतं सप्टेंबरात. म्हणून दरवर्षी तेच.

आम्ही कॅन्सस राज्यातल्या ओलेथा गावात राहतो. घरामागे कुंपण, कुंपणापलीकडे कमरेएवढं गवत आणि त्यापुढे सोयाबीनचं शेत. एके काळी हा सगळा मुलूख उंच गवताच्या प्रेअरीचा, म्हणजे अफाट गवताळ माळाचा होता. आज उत्तर अमेरिकेतल्या त्या प्रेअरीचा जेमतेम 4 टक्के भाग शिल्लक आहे आणि त्यातला बराचसा आमच्या पश्चिमेला, फ्लिंट हिल्सच्या टेकड्यांवर. घर घेताना मागचं मोकळं गवत पाहूनच आम्ही भाळलो होतो. त्या गवतात कोण कोण राहतं आणि थंडी पडली की ते कुठे जातं, हे एजंट सांगत नाही.

हे लिहितोय ते कॅन्सस, नेब्रास्का, आयोवा, मिझुरी इथल्या मंडळींसाठी. कॅनडातल्या विनिपेग किंवा रेजायनाकडच्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. फक्त विषारी कोळ्याचा भाग त्यांनी सोडून द्यावा, तो इतक्या उत्तरेला राहत नाही.

आधी ओळख पटवा

सगळ्यांना "बग" म्हणून एकाच मापानं मोजलं की उपाय चुकतो. घरात दिसणाऱ्या किड्यांचे माझ्या हिशेबी दोनच प्रकार: थंडीपुरते आसऱ्याला आलेले, आणि घरात संसार थाटणारे. पहिल्यांना घरात खायचं नसतं आणि अंडीही घालायची नसतात. त्यांच्यासाठी आपलं घर म्हणजे वाळलेल्या झाडाची मोठी ढोली. दुसऱ्यांना मात्र आपलं स्वयंपाकघर हवं असतं.

आईला लाल ढेकूण वाटला तो बॉक्सएल्डर बग. अर्ध्या इंचाचा, काळा, पाठीवर तांबड्या-नारिंगी रेघा. आईचं फार चुकलं नव्हतं, दोघे एकाच मोठ्या कुळातले, सोंडेनं रस शोषणारे. हा बॉक्सएल्डर नावाच्या झाडाच्या बियांवर जगतो. ओढ्याकाठी आपोआप उगवणारं, मेपलच्या जातीचं झाड. कॅनडात त्यालाच मॅनिटोबा मेपल म्हणतात. बिया फक्त मादी झाडाला येतात, म्हणून लोक सांगतात की ते झाड तोडा. आमच्या आवारात असं एकही झाड नाही. हा किडा मैल-दोन मैल सहज उडून येतो, तेव्हा शेजाऱ्याच्या झाडावर कुऱ्हाड चालवायला निघू नका. तो काही इजा करत नाही, पण चिरडला तर वास मारतो आणि त्याच्या विष्ठेचे तांबूस डाग पडद्यावरून जाता जात नाहीत.

ढालकिड्यांची गोष्ट वेगळी. आपल्याकडे मावा खातो म्हणून शेतकरी ढालकिड्याला मित्र म्हणतो. इथंही एशियन लेडी बीटल हा मावा खाण्यासाठीच बाहेरून आणून सोडलेला किडा. 1988 साली लुइझियानात तो मोकळ्यावर स्थिरावलेला आढळला आणि तिथून देशभर पसरला. डोक्यामागच्या पांढऱ्या भागावर काळं इंग्रजी एम किंवा डब्ल्यूसारखं चिन्ह दिसलं की तोच. घाबरला की पायांच्या सांध्यांतून पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतो. भिंतीवर त्याचा डाग राहतो. क्वचित चिमटाही काढतो. शेजारचं सोयाबीन कापलं आणि मागून एखादा उबदार दिवस आला की त्या दुपारी आमची पश्चिमेची भिंत ठिपक्याठिपक्यांची होते.

सुस्त माश्यांना इथं क्लस्टर फ्लाय म्हणतात. घरात घाण आहे म्हणून या येत नाहीत, हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या घरात यावरून आठवडाभर केर-कचऱ्याच्या डब्याची झडती चालली होती. यांच्या अळ्या मातीतल्या गांडुळांवर वाढतात. गवताळ, गांडूळ असलेली जमीन शेजारी असली की माश्या येणार. अंगावर बारीक सोनेरी लव, चाल मंद, आणि मेल्या तर खिडकीच्या कट्ट्यावर उताण्या.

कुठला किडा आहे हे कळत नसेल तर छोट्या बाटलीत घालून आपल्या काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात न्या. कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीची ही कार्यालयं जिल्ह्याच्या कृषी विभागासारखी. शेतकरी नसलात तरी मदत करतात. आमच्या काउंटीचं ऑफिस ओलेथातच आहे आणि मी ते तीन वर्षं रोज ओलांडून कामाला जात होतो.

मी केलेल्या तीन चुका

पहिली चूक, बॉम्ब. दुकानात मिळणारे धूर सोडणारे डबे माळ्यावर लावले. किडे मेले, पण मेले ते भिंतीच्या पोकळीत. तिथं साठलेल्या त्या मढ्यांवर गालिचे कुरतडणारे भुंगेरे आले. त्यांच्या केसाळ अळ्यांनी आधी किडे संपवले आणि मग कपाटातल्या लोकरीच्या शालीला हात घातला. हिवाळ्यात भिंतीच्या आत कधीच फवारू नये, हे नंतर एक्स्टेन्शनच्या पत्रकात वाचलं. तिथं ते ठळक अक्षरांत छापलंय.

दुसरी चूक, तिमाही कंत्राट. एका कंपनीचा माणूस दर तीन महिन्यांनी यायचा. डिसेंबरात यायचा, खोल्यांच्या कडेनं औषध मारायचा, सही घेऊन जायचा. वागायला सभ्य, काम चोख, फक्त महिना चुकलेला. भिंतीत झोपलेल्या किड्याला खोलीच्या कडेच्या औषधाचं काय? पुढे मी त्यांना फोन करून एकच प्रश्न विचारला: सप्टेंबरच्या अखेरीस बाहेरून दक्षिण आणि पश्चिम भिंत करून द्याल का? उत्तर आलं, "वेळापत्रकात बसत नाही." कंत्राट तिथंच संपवलं.

तिसरी चूक सांगायला लाज वाटते. भोकं बुजवायची म्हणून सिलिकॉनची नळी घेऊन घराला प्रदक्षिणा घातली. समोरच्या विटांच्या भिंतीत, खालच्या थरात ठरावीक अंतरावर उभ्या फटी दिसल्या. बांधणाऱ्यानं कामचुकारपणा केला असं समजून सगळ्या ठासून भरल्या. त्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात. विटांमागे शिरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं आणि भिंत श्वास घेते. वसंतातल्या पावसानंतर आतल्या बाजूला ओल दिसली तेव्हा शेजारच्या आजी कुंपणापलीकडून पाहत म्हणाल्या, "त्या बुजवायच्या नसतात हो, जाळी कोंबायची असते." दोन शनिवार-रविवार सिलिकॉन कोरून काढण्यात गेले. तिथं स्टेनलेस किंवा तांब्याची जाळी सैलसर बसवा: पाणी जाईल, किडा अडेल.

सप्टेंबरचं काम

आमच्याकडे पहिलं हिव ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास पडतं. त्याआधीचे चार-पाच आठवडे एवढीच वेळ आपल्या हातात असते. लेबर डेचा, म्हणजे सप्टेंबरातला पहिला सोमवार सुट्टीचा असतो, मी त्या दिवशी शिडी बाहेर काढतो.

आधी फटी शोधायच्या. त्यासाठी देवघरातली उदबत्ती पुरते. वाऱ्याच्या दिवशी सगळी दारं-खिडक्या लावायच्या, स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरांतले एक्झॉस्ट पंखे सुरू करायचे म्हणजे घर बाहेरची हवा आत ओढू लागतं. मग पेटलेली उदबत्ती खिडकीच्या चौकटीभोवती, दाराच्या कडेनं, विजेच्या बटणांजवळ हळूहळू फिरवायची, पडदे जरा दूर धरून. धूर सरळ वर जात असेल तर ठीक; जिथं तो अचानक आडवा पळतो तिथून हवा येते, आणि जिथून हवा येते तिथून किडाही येतो. गॅरेजसाठी याहून सोपं: भर दुपारी आत उभं राहायचं, दिवे बंद, मोठं दार बंद. जिथं जिथं उजेडाची रेघ दिसेल तिथं खडूनं खूण.

आमच्या घरात सापडलेल्या जागा सांगतो, बहुतेक घरांत याच निघतील. एसीची तांब्याची नळी आणि इंटरनेटची केबल भिंतीत शिरते तिथलं भोक, ज्याचा लांबी-लेप उन्हानं वाळून गळून पडलेला. गॅरेजच्या दाराचे खालचे दोन्ही कोपरे, जिथली रबरी पट्टी झिजलेली. ड्रायरच्या गरम हवेचं बाहेरचं झाकण, जे नीट मिटत नव्हतं. माळ्याच्या त्रिकोणी झरोक्याची जाळी, एका कोपऱ्यात उचकटलेली. आणि सगळ्यांत मोठं भगदाड म्हणजे खिडकीची चौकट आणि बाहेरचं साइडिंग (भिंतीवरच्या फळ्यांचं आवरण) यांच्यामधली फट. ती खालून दिसतच नव्हती, शिडीवर चढल्यावर दिसली. हे किडे तापलेल्या भिंतीवर बसतात आणि मग वर चढत जातात, त्यामुळे वरच्या मजल्याच्या खिडक्या आणि छपराची वळचण सोडून खालचंच बुजवलं तर निम्मं काम वाया.

बारीक फटींना बाहेरच्या वापराचं सिलिकॉन मिसळलेलं ॲक्रिलिक चालतं, वर रंगही बसतो. माळ्याच्या झरोक्यांना बारीक जाळी, पण झरोका बंद करू नका. माळा कोंदला की वेगळीच दुखणी सुरू होतात. दारांना नवी पट्टी लावा. दारात कागद धरून दार लावायचं आणि कागद ओढायचा. सहज निघाला तर पट्टी बदलायला झाली.

औषध मारायचंच असेल तर ते याच दिवसांत, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि बाहेरून. किडे भिंतीवर जमायला लागण्याच्या बेतात असताना दक्षिण-पश्चिम भिंती, खिडक्यांच्या कडा आणि वळचण एवढ्याच जागी. बायफेन्थ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं यासाठी मिळतात. उन्हापावसात त्यांचा जोर काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून ऑगस्टात मारलेलं उपयोगी पडत नाही आणि नोव्हेंबरात मारलेलं तर नाहीच. डब्यावरच्या लेबलात लिहिलंय तेवढंच आणि तसंच वापरा. या देशात ते लेबल कायद्यासमान आहे. मी स्वतः गेल्या दोन वर्षांत औषध वापरलेलं नाही. भिंतीवर थवा जमला की पंपात पाणी घेऊन लिटरला दोन-तीन चमचे भांडी घासायचा साबण घालतो आणि थेट अंगावर मारतो. अंगावर पडलं तरच मरतात, वाळल्यावर त्याचा काही उपयोग नाही, पण रोज संध्याकाळी दहा मिनिटं मारलं तर आत जाणारे कितीतरी कमी होतात.

तरीही काही आत शिरतीलच. हिवाळ्यात दिसले की व्हॅक्यूम. ढालकिड्यांमुळे व्हॅक्यूमला येणारा वास टाळायचा असेल तर नळीच्या तोंडात जुना पायमोजा आत सरकवून वर रबर लावा. किडे मोज्यात अडकतात, मोजा पिळून साबणाच्या पाण्यात. भिंतीतून खोलीत उतरणारी वाट म्हणजे विजेची बटणं, छतातले दिवे आणि माळ्याचं झाकण. त्यांच्या कडा आतून बंद केल्या तर ते भिंतीतच राहतात आणि वसंतात आले तसे बाहेर जातात. त्यांना मारायचा अट्टहास हिवाळ्यात सोडून द्या.

उंदीर

किडे निमूट बसतात, उंदीर बसत नाही. तो गवतातलं खाणं संपलं की ऑक्टोबरात येतो आणि आला की पिल्लं घालतो. त्यामुळे इथं थांबून चालत नाही.

पेन्सिल जिथून जाते तिथून उंदीर जातो, म्हणजे 6 मिलिमीटर. आधी डोकं, मग अंग. नुसता फोम मारून उपयोग नाही, तो एका रात्रीत कुरतडतो. तांब्याची जाळी भोकात गच्च कोंबायची आणि वरून लेप द्यायचा. भांडी घासायची स्टीलची घासणीही चालते, पण ती बाहेर गंजते आणि भिंतीवर तांबडे ओघळ येतात.

सापळे लावताना आमच्याकडे कंजूषपणा चालतो: एक सापळा, मधोमध, त्यावर चीजचा तुकडा. उंदीर मधून चालत नाही, भिंतीला अंग घासत चालतो. सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. आमिष म्हणून शेंगदाण्याचं बटर, वाटाण्याएवढं, जेणेकरून त्याला चाटत बसावं लागेल. आणि एकदम आठ-दहा सापळे लावा. पहिल्या दोन रात्रींत जे साधेल ते नंतर महिनाभर साधत नाही. चिकट पट्ट्या मी एकदा वापरल्या. रात्रभर आवाज ऐकला, पुन्हा वापरल्या नाहीत.

प्लगमध्ये लावायची, कानाला न ऐकू येणारा आवाज करणारी यंत्रं कुणी भेट दिली तर त्यांचा रात्रीच्या दिव्यासाठी उपयोग करा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 2001 मध्येच असली यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या 60हून अधिक कंपन्यांना, दाव्यांना पुरावा द्या, अशी ताकीद दिली होती. आमच्या गॅरेजमधल्या यंत्राच्या वायरीखालीच लेंड्या सापडल्या.

लेंड्यांवरून आठवलं, आणि ही गोष्ट गंभीर आहे. गवताकडून येणारा उंदीर दोन प्रकारचा असू शकतो. एक आपला नेहमीचा करडा घरउंदीर. दुसरा डीअर माऊस: पाठ तपकिरी, पोट आणि पाय पांढरेशुभ्र, शेपटीही वरून गडद आणि खालून पांढरी, डोळे मोठे. दिसायला इतका गोड की मुलं पाळायला मागतात. त्याच्या लेंड्या-मुतातून हंताव्हायरस पसरू शकतो. 1993 साली अमेरिकेच्या नैऋत्य भागात निरोगी तरुण माणसं अचानक श्वास कोंडून दगावली तेव्हा हा विषाणू सापडला. रोग दुर्मीळ आहे, पण झाला तर जिवावर बेततो. म्हणून माळ्यावर, शेडमध्ये किंवा हिवाळाभर बंद असलेल्या खोलीत लेंड्या दिसल्या तर झाडू मारायचा नाही आणि व्हॅक्यूमही नाही. धूळ उडाली की तीच नाकात जाते. आधी अर्धा तास दारं-खिडक्या उघडून बाहेर थांबा. मग हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं द्रावण लेंड्यांवर शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या. त्यानंतर कागदी टॉवेलनं पुसून पिशवीत बंद. आईला हे पटवायला वेळ लागला. तिच्या हातात केरसुणी दिसली की मी धावत जायचो.

एक गैरसमज इथल्या गोऱ्या शेजाऱ्यांचाही आहे: वसंतात प्रेअरी जाळतात त्यात उंदीर संपतात. मार्च-एप्रिलमध्ये फ्लिंट हिल्समध्ये गुरांच्या चाऱ्यासाठी मैलोन्‌मैल गवत पेटवतात, धूर आमच्यापर्यंत येतो. पण मॅनहॅटनजवळच्या कोन्झा प्रेअरीवर (हे कॅन्ससचं मॅनहॅटन, न्यूयॉर्कचं नव्हे) बरीच वर्षं चाललेल्या अभ्यासात असं दिसलंय की डीअर माऊसला जळालेली, मोकळी जमीन उलट मानवते. आग लागली की तो बिळात जातो आणि आग विझली की बिया शोधायला बाहेर.

गॅरेजमध्ये तांदळाचं 20 पौंडांचं पोतं ठेवायची आपल्या लोकांची सवय, त्याशेजारी पक्ष्यांचे दाणे आणि कुत्र्याचं खाणं. झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. बाकी कितीही भोकं बुजवली तरी पोतं उघडं असेल तर उंदीर नवं भोक पाडून येईल.

कोळी

ब्राऊन रेक्लूस हे नाव ऐकलं की इथं नव्यानं आलेल्या माणसाची झोप उडते. माझीही उडाली होती. मग शेजारच्याच लेनेक्सा गावातलं एक प्रकरण वाचलं. तिथल्या एका जुन्या घरात संशोधकांनी आणि त्या घरच्यांनी मिळून सहा महिन्यांत 2,055 ब्राऊन रेक्लूस पकडले. चार माणसांचं कुटुंब त्या घरात अनेक वर्षं राहत होतं आणि तोवर कुणालाही एकदाही चावा झाला नव्हता. हा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. नावाप्रमाणेच तो एकांतप्रिय आहे. कपड्याच्या घडीत दाबला गेला तरच चावतो. चावा बहुतेकदा आपोआप बरा होतो, पण काहींची जखम चिघळते, म्हणून शंका आली तर डॉक्टरकडे जा, जमल्यास कोळी डबीत घेऊन.

ओळखण्यासाठी पाठीवरच्या व्हायोलिनच्या खुणेवर विसंबू नका, तशा खुणा इतर कोळ्यांवरही असतात. डोळे मोजा: बहुतेक कोळ्यांना आठ असतात, याला सहा, दोन-दोनच्या तीन जोड्यांत. पाय बारीक, त्यांवर काटे नाहीत. मोबाइलनं जवळून फोटो काढला की दिसतं.

त्याची आवडती जागा म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं. आमचं मखर, झिरमिळ्या आणि गणपतीच्या आरासीचं सामान तळघरात पुठ्ठ्याच्या खोक्यांत वर्षभर पडून असायचं. गणपतीच्या आदल्या रात्री ते उघडायचं म्हणजे आत हात घालून चाचपडणं. आता सगळं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेट्यांत. गॅरेजच्या दारात काढलेले जोडेही सकाळी झटकून घालायचे. भिंतीच्या कडेनं पुठ्ठ्याचे चिकट सापळे ठेवले की कुठल्या खोलीत वर्दळ आहे ते कळतं. हवेत फवारा मारून हा कोळी मरत नाही, तो फक्त जागा बदलतो.

वसंत आणि मुंग्या

मार्च-एप्रिलमध्ये पहिल्या उबदार पावसानंतर सिंकजवळ बारीक काळ्या-तपकिरी मुंग्यांची रांग लागते. एक चिरडून वास घ्या. खवट खोबऱ्याचा वास आला तर ती ओडरस हाउस अँट. इथले लोक हा वास नेमका कशासारखा यावर वाद घालतात; आपल्याला तो पहिल्या फटक्यात ओळखू येतो, उन्हाळ्यात विसरलेल्या खोबऱ्याच्या वाटीचा.

या मुंग्यांवर स्प्रे मारणं म्हणजे घर फोडून दोन घरं करणं. एका वारुळात अनेक राण्या असतात. हल्ला झाला की टोळी फुटते आणि आठवड्याभरात दुसऱ्या भिंतीतून येते. त्यांना रांग लावू द्या. साखरेच्या पाण्यात बोरॅक्स, साधारण 1 टक्का, कापसाच्या बोळ्यावर. कमी घातलं तरच ते घरापर्यंत पोचतं. जास्त घातलं तर वाटेतच मरतात. पहिले दोन दिवस मुंग्या दुपटीनं येतील, तेव्हा धीर सोडायचा नाही. लहान मुलं आणि कुत्र्यापासून मात्र दूर ठेवा.

त्याच दिवसांत पंखवाल्या मुंग्या खिडकीत दिसल्या तर त्या मुंग्याच आहेत ना, हे पाहा. कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या आणि पुढचे पंख मोठे तर मुंगी. कंबर नाहीच, मिशा सरळ आणि चारी पंख सारखे तर वाळवी. वाळवीत स्वतःचा हात आजमावू नका, परवानाधारक माणूस बोलवा, दोघांकडून तरी अंदाज घ्या.

आणि धान्याला पाखरू

हे प्रेअरीतून येत नाही, पण मे-जूनमध्ये सगळे त्याचाही दोष गवताला देतात. स्वयंपाकघरात संध्याकाळी नागमोडी उडणारं, मागच्या अर्ध्या पंखाला तांब्याचा रंग असलेलं पाखरू म्हणजे इंडियन मील मॉथ. नावावरून चिडू नका. "इंडियन मील" हे मक्याच्या पिठाचं इथलं जुनं नाव. ते आपल्याच पिशवीतून आलेलं असतं. रवा, बेसन, सुका मेवा, आणि सगळ्यात विसरलेली जागा म्हणजे मागच्या वर्षीच्या फराळातली उरलेली अनारशांच्या पिठाची पुडी. जाळी धरलेलं सगळं टाकून द्या. नवं आणलेलं पीठ-डाळ 0 फॅरनहाइटच्या डीप फ्रीझरमध्ये किमान चार दिवस ठेवा आणि मग काचेच्या बरणीत. जानेवारीत डाळ गॅरेजमध्ये ठेवून हाच परिणाम मिळवायचा प्रयोग मी केला. गॅरेज तेवढं सलग थंड राहत नाही. पाखरं मेली नाहीत, आणि उंदरांची मात्र सोय झाली.

यंदाच्या फेब्रुवारीत त्या दक्षिणेच्या खोलीत एकूण सात बॉक्सएल्डर बग निघाले. आई फोनवर विचारते, "लाल ढेकूण किती?" मी आकडा सांगतो. उरलेली फट बहुधा वळचणीच्या पूर्वेकडच्या टोकाला असावी. तिथं माझी शिडी पोचत नाही, शेजारच्या आजींच्या नातवाकडे लांब शिडी आहे आणि लेबर डेला तो मोकळा आहे.